औषधाच्या चिठ्ठीवर लोकशाही

‘डॉक्टरनं राजकारणात पडू नये.’ वसतिगृहाचं छत गळतंय म्हणणाऱ्या निवासी डॉक्टरला हे ऐकवतात. वॉर्डात सलाईन नाही, गरिबाला बाहेरून आणायला लावावं लागतं, असं बोलणाऱ्या पोरीलाही हेच ऐकवतात. पेशंट बघा, बाकीचं आम्ही बघतो.

बघितलं असतं तर ती बोलली कशाला असती?

फेब्रुवारी १८४८. अप्पर सायलेशियात टायफसची साथ. प्रशियाच्या सरकारनं बर्लिनहून रुडॉल्फ फिर्शो नावाचा डॉक्टर धाडला. वय २६. साथ बघायची, अहवाल द्यायचा, इतकंच काम.

तो जेमतेम तीन आठवडे राहिला. तेवढे पुरले.

पिकं बुडालेली, घरात दाणा नाही. एकेका कोंदट झोपडीत माणसांची दाटी. लोकांची भाषा पोलिश, सरकारची जर्मन. उपासमार डोळ्यांसमोर वाढत होती, आणि सरकारी मदत यायला उशीर. अशा ठिकाणी नाडी कुणाची बघायची?

त्यानं सरकारची बघितली.

अहवालात औषध लिहिलं: संपूर्ण लोकशाही. शिक्षण. पोलिश भाषेला मान. कराचा बोजा गरिबाच्या मानेवरून श्रीमंताच्या खांद्यावर. रस्ते, शेतीची सुधारणा. एवढ्या चिठ्ठीत गोळीचं नाव नव्हतं, म्हणून ती वैद्यकीय नव्हे?

टायफस उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोलनं दाखवलं १९०९ साली. फिर्शोला ऊ ठाऊक नव्हती. पण अंगावरच्या कपड्याला दुसरा जोड नाही, पाणी तापवायला सरपण नाही, तिथंच ऊ माजते. कारण हाती लागायच्या ६१ वर्षं आधी उपाय बरोबर निघाला होता.

बर्लिनला परतला १० मार्चला. १८ मार्चला क्रांती पेटली, आणि हा बॅरिकेडवर. जुलैत वैद्यकीय सुधारणेचं साप्ताहिक काढलं. डॉक्टर हा गरिबांचा वकील आहे, ही त्याची भूमिका. पुढच्याच वर्षी सरकारनं शारिते रुग्णालयातल्या पदावर गदा आणली. तो वुर्झबुर्गला गेला.

राजकारणानं अभ्यास बुडतो म्हणता? १८५८ साली त्याचं पेशी-विकृतिशास्त्र छापून आलं आणि रोग बघायची नजरच बदलली. आपली एमबीबीएसची मुलं ज्याचा ‘विर्चोज ट्रायड’ घोकतात, तो हाच. ट्रायड परीक्षेला येतो. सायलेशिया येत नाही.

तो चुकलाही. जंतूंच्या बाबतीत नको तितका शंकेखोर राहिला. पण १८५९पासून मरेपर्यंत, म्हणजे १९०२पर्यंत, बर्लिनच्या नगरपालिकेत बसून सांडपाण्याच्या नळांसाठी भांडला. किती पोरं त्या गटारांनी वाचवली असतील! त्यांच्या केसपेपरवर डॉक्टरचं नाव नाही, कारण ती आजारीच पडली नाहीत.

हे सगळं जर्मनीतलं, असं म्हणून सुटका नाही.

अभय बंग यांनी महाराष्ट्रात शेतमजुरांच्या किमान वेतनाचा हिशेब तपासला. ज्या समितीनं तो आकडा ठरवला, तिचं गणित चुकलं होतं; राबणाऱ्या माणसाला किती अन्न लागतं, तिथंच काटछाट. डॉक्टरनं कॅलरी मोजल्या आणि सरकारसमोर ठेवल्या. रोजी ४ रुपयांवरून १२ झाली.

टॉनिकच्या किती बाटल्या लागल्या असत्या तेवढ्या रक्ताला?

म्हणून त्या वॉर्डातल्या पोरीला गप्प करू नका. सलाईन का संपलं, खरेदी कुठं अडली, सही कुणाची राहिली, हे ती विचारतेय. पेशंटची हिस्ट्री अशीच घेतात. तिला हे आपल्याच कॉलेजात शिकवलंय.

सहीचं काय झालं, ते सांगा.