मुक्या टेपचा पंचनामा

मोटारगाडीतील टेपचा आवाज अकस्मात लुप्त झाला असता सुज्ञ मालकाने कोणत्या क्रमाने, कोणत्या साधनांनी आणि मुख्यत्वेकरून कोणाच्या गैरहजेरीत तपास करावा, याविषयी आमच्या पारोळा तालुक्यात आजतागायत एकही परिपत्रक जारी झालेले नाही. शेतसारा कसा भरावा, फेरफाराची नोंद कशी करावी, वारसाचा दाखला कोणाकडून घ्यावा, या सर्व बाबींची तजवीज सरकारने करून ठेवलेली असताना, धुळ्याहून सणावाराला आलेला जावई पेचकस घेऊन गाडीत शिरला तर घरधन्याने दाद कोणाकडे मागावी, हा विषय मात्र सर्वस्वी मोकाट सोडण्यात आला आहे. सबब लोककल्याणार्थ पुढील कलमे लिहून ठेवीत आहोत.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांनी १९३० साली मोटारीत बसविण्याजोगा रेडिओ बाजारात आणला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढली. आणि मग चालत्या गाडीत गाणे ऐकण्याची सोय हळूहळू श्रीमंतांच्या ऐटीतून उतरून काळी-पिवळीच्या चालकापर्यंत पोहोचली. आपल्याकडे एके काळी रेडिओ बाळगण्यास पोस्टातून परवाना घ्यावा लागे आणि त्याची फी नेमाने भरावी लागे. ऐकणाऱ्याला परवाना आणि उघडणाऱ्याला मुभा, ही त्या कायद्यातील मोठीच त्रुटी होती. उघडणाऱ्यास परवाना लागता, तर आमच्या दाजींचा अर्ज आम्ही स्वतः जातीने नामंजूर करवून आणला असता.

कलम १. अधिकारक्षेत्र.
तपासास प्रारंभ करण्यापूर्वी दाजींना चहाला बसवावे. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, हे स्वभावाने उदार, वाणीने मृदू, परंतु कोणतीही बंद पडलेली वस्तू उघडी करून पाहिल्याशिवाय ज्यांना अन्न गोड लागत नाही असे गृहस्थ आहेत. ओट्यावरून “काय व्हयनं, भो?” अशी पृच्छा झाली, की त्यापाठोपाठ पेचकस येतो, पेचकसापाठोपाठ डॅशबोर्डची पट्टी उचकटल्याचा ‘टच्’ असा ध्वनी येतो, आणि तो ध्वनी म्हणजे कंपनी सुटी विकत नाही अशा क्लिपेचा अंत्यसंस्कार असतो. आपण काही बोलावे, तर आई आतून “त्यासले करू दे” म्हणून निकाल देते, आणि जावयाच्या बाबतीत आमच्या घरी त्या निकालावर अपील चालत नाही.

तेव्हा तपासाचा मूलभूत सिद्धांत येथेच नमूद करतो: जे फुकट तपासता येते ते आधी, ज्याला पैसे पडतात ते नंतर, आणि जे एकदा उघडल्यावर पुन्हा तसे बसत नाही ते सर्वांत शेवटी. दाजींची पद्धत हीच आहे. फक्त क्रम उलटा आहे.

कलम २. मौनाचे प्रकार.
मौन दोन प्रकारचे असते. टेपचा दिवाच लागत नसेल, पडदा काळाठिक्कर असेल, तर त्याला वीज पोहोचत नाही. अशा वेळी फ्यूज, वीज आणणाऱ्या तारा आणि अर्थिंग एवढ्यांचेच जबाब घ्यावेत, स्पीकरांना नाहक चौकीवर बोलावू नये. याउलट दिवा लागतो, गाण्याचे नाव सरकते, सेकंद पुढे जातात, आणि तरीही आवाज नाही, असे असेल तर वीज निर्दोष सुटली असे समजून बटणे, स्पीकर आणि त्यांच्या तारा यांच्याकडे वळावे. ही एवढी विभागणी केली, तरी निम्मा तपास बसल्या जागी पार पडतो.

कलम ३. बटणे.
अहो, आधी आवाज वाढवून तर पाहा!

हे इतके स्पष्ट लिहावे लागते याचे वाईट वाटते, परंतु लिहावे लागते. आवाज शून्यावर आहे काय, म्यूटचे बटण कोणाच्या बोटाने दाबले गेले आहे काय, टेप रेडिओवर आहे की पेन ड्राइव्हवर की रिकाम्या ऑक्सवर, हे पाहावे. त्यानंतर बॅलन्स आणि फेडर नावाच्या दोन मांडण्या पाहाव्यात. पहिलीने आवाज डावी-उजवीकडे सरकतो, दुसरीने पुढे-मागे. घरातील नातवंडाने खेळता-खेळता सगळा आवाज मागच्या डाव्या कोपऱ्यात लोटलेला असतो, त्या कोपऱ्यातील स्पीकर मागच्या पावसाळ्यापासून निकामी असतो, आणि त्याच्यापुढे कापसाचे बोचके ठेवलेले असते. गाणे तेथे यथासांग चालू असते; कापूस ते ऐकत असतो.

कलम ४. फोन.
फोनचा आवाज निराळा आणि टेपचा निराळा, दोन्ही वाढवावे. शिवाय टेपची स्मरणशक्ती दीर्घ असते. मागे कधीतरी दाजींचा फोन त्याला ब्लूटूथने जोडलेला असेल, तर दाजी नुसते अंगणात उभे राहिले तरी टेप आपल्या फोनाकडे पाठ फिरवून त्यांच्याशी संधान बांधतो, आणि आपण ‘प्ले’ दाबदाबून थकतो. अशा फितुरीस उपाय एकच: जुनी जोडणी टेपच्या यादीतून खारीज करणे.

कलम ५. फ्यूज.
टेपच्या पाठीमागे एक आणि गाडीच्या फ्यूजपेटीत एक, असे बहुधा दोन फ्यूज असतात. रंगावरून त्यांची पायरी ओळखावी: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. चिमट्याने उपसून उजेडाकडे धरावा. आतील कमान तुटलेली किंवा काळवंडलेली दिसली तर फ्यूज उडाला. नवा फ्यूज त्याच अँपिअरचा टाकावा. सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद, तांब्याच्या तारेचा केस, डोक्याची पिन, या वस्तू फ्यूजच्या जागी बसतात आणि टेप वाजतोही. परंतु उद्या तार तापली तर आधी जळून गाडी वाचविणारे कोणी तेथे उरलेले नसते. बदललेला फ्यूज पुन्हा लगेच उडाला, तर तिसरा आणावयास धावू नये. कोठेतरी तार गाडीच्या पत्र्याला टेकली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कलम ६. तारांची वंशावळ.
बाहेरून बसविलेल्या टेपच्या कप्लरमधील तारांना सर्वसाधारणपणे ठरलेले रंग असतात. पिवळ्या तारेत सदैव बॅटरीची वीज असते आणि तिच्यावर टेपची स्मरणशक्ती जगते. लाल तारेत किल्ली फिरविल्यावरच वीज येते. काळी ती अर्थिंगची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. आणि प्रत्येकीची काळ्या रेघेची एक जुळी बहीण असते. या जुळ्या बहिणीस अर्थिंग समजून पत्र्याला जोडणारे बहाद्दर पुष्कळ आहेत. तसे केल्यास टेप आत्मरक्षणार्थ आपला आवाज स्वतःच बंद करतो, आणि त्या परिस्थितीत ते शहाणपणाचेच आहे.

काळ्या तारेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तिच्याकडे कोणीच देत नाही. ती जेथे पत्र्याला स्क्रूने कसलेली असते तेथे पहिल्या पावसानंतर गंज धरतो, खाली रंगाचा थर राहून गेलेला असतो, आणि टेप कधी बोलतो, कधी गप्प बसतो. पॉलिश कागदाने ती जागा पत्रा चमकेपर्यंत घासावी. शिवाय आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशीपुढे गेला आणि गाडी उन्हात उभी राहिली, की जोडांवर गुंडाळलेल्या काळ्या चिकटपट्टीचा डिंक पातळ होऊन ती आपसूक उलगडते. उघडे जोड मग एकमेकांस भेटतात. म्हणून जोड डाख देऊन पक्का करावा, नुसता पिळून पट्टी लावू नये.

कलम ७. भरीत आणि दरवाजा.
हिवाळ्यात बोरीच्या काठच्या मळ्यात भरिताचा बेत ठरतो. बामणोदची हिरवी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर पडतात, कळण्याची भाकरी थापली जाते, आणि मंडळींना गाणे ऐकू यावे म्हणून गाडीचे चारही दरवाजे सताड उघडून, इंजिन बंद ठेवून, टेप पूर्ण आवाजात सोडला जातो. या रम्य प्रसंगातून दोन व्याधी उत्पन्न होतात. पहिली तात्काळ प्रकट होते: चालत्या इंजिनावर सुमारे १४ व्होल्ट मिळणाऱ्या टेपला आता एकट्या बॅटरीवर गुजराण करावी लागते, भरलेल्या बॅटरीचे साडेबारा व्होल्ट वांगी सोलून होईतो ओसरतात, टेप दोन आचके देतो आणि थांबतो, आणि मग गाडी ढकलण्यासाठी भरल्या पोटाची माणसे शोधावी लागतात. दुसरी सावकाश येते. दरवाजा आणि गाडीचे अंग यांच्या दरम्यान बिजागरीपाशी रबराची एक सुरळी असते. तिच्या पोटातून स्पीकरच्या तारा जातात आणि दरवाजाच्या प्रत्येक उघडझापीला वाकतात. कालांतराने आतले तांबे तुटते आणि वरचे आवरण शाबूत राहते, त्यामुळे बाहेरून सर्व आलबेल दिसते. दरवाजा अर्धा उघडा असताना आवाज येतो आणि लावताच जातो, ही याची अचूक खूण.

आणि येथे, निःपक्षपातीपणे, एक गोष्ट दप्तरी दाखल केली पाहिजे. आमच्या पुढच्या दरवाजाची अशीच तुटलेली तार दाजींनी त्या मळ्यातच, बॅटरीच्या उजेडात, गुडघ्यांवर बसून जोडली. दोन्ही टोके सोलली, पीळ दिला, डाखाचा थेंब असा सोडला की तो तारेत पाण्यासारखा शिरला, आणि वर बारीक नळी सरकवून काडीच्या आचेने ती आवळून घेतली. तो जोड आजही टिकून आहे. या माणसाच्या हाताला कला आहे हो. फक्त तो हात डॅशबोर्डपासून दूर ठेवावा लागतो.

कलम ८. स्पीकरची नाडीपरीक्षा.
स्पीकरच्या दोन्ही तारा टेपपासून सोडवून दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवाव्यात. ‘थप्प’ असा आवाज येऊन पडदा किंचित पुढे किंवा मागे सरकला, तर स्पीकर जिवंत. मल्टिमीटर असेल तर ४ ओहमच्या स्पीकरवर तो साधारण साडेतीन दाखवितो. काहीच दाखवीत नसेल, तर आतील वेटोळे तुटले. सगळे स्पीकर एकदम मरत नाहीत. चारही एकाच वेळी मुके झाले, तर दोष टेपमध्ये किंवा त्यांच्या समाईक वाटेवर आहे असे धरावे.

कलम ९. टेपच्या टपलीत मारणे.
मना आहे.

कलम १०. बॅटरीची तार काढण्यापूर्वी.
कंपनीने बसविलेल्या काही टेपांना बॅटरी सुटताच गुप्त आकडा विचारण्याची खोड असते. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेतील कार्डावर असतो. पुस्तिका कपाटात असते. कपाटाची किल्ली आईच्या कमरेला असते. आणि आई बालाजीच्या दर्शनाला गेलेली असते. म्हणून कार्ड आधी हुडकावे आणि तार मग काढावी.

कलम ११. कारागीर.
इतके करूनही टेप बोलला नाही, तर बसस्टँडाकडे वायरिंगवाल्याकडे न्यावा. त्याला “काहीच केले नाही, आपोआप बंद पडला” असे सांगू नये. तो तारांची टोके पाहतो, पट्टीखालची पट्टी पाहतो, आणि वर न पाहता विचारतो, “पाहुणे आले होते का?”

कलम १२. चाचणी.
आवाज परत आल्यावर धुळे रस्त्याने मुकटीपर्यंत गाडी नेऊन आणावी. उभ्या गाडीत वाजणारा टेप खड्ड्यात मुका झाला, तर जोड कोठेतरी ढिला राहिला आहे. मुकटी येईतो वाजला, तर काम झाले असे समजावे.

कलम १३. श्रेय.
आवाज कशानेही परत आलेला असो, नातवंडाने फेडर सरळ केल्याने असो वा वायरिंगवाल्याने, ओट्यावर जाऊन सर्वांच्या देखत एवढेच म्हणावे: “दाजी, तुम्ही काल हात लावलात, त्याचाच गुण.” आई प्रसन्न होते, बहीण दुसरी भाकरी वाढते, दाजी पेचकस पिशवीत परत ठेवतात. असत्य भाषणाचा दोष लागला तर लागो. श्रेय फुकट देता येते; डॅशबोर्डच्या क्लिपा बाजारात मिळत नाहीत.