फुकट गेमच्या कंपनीला निवेदन कसे द्यावे

‘गेम फुकट आहे’ असं घरी सांगून ज्यांनी तो मोबाइलवर उतरवला आणि आता त्यातल्या बाजाराबद्दल ज्यांना कंपनीला चार शब्द सुनवायचे आहेत, अशा रोहणा (ता. आर्वी, जि. वर्धा) येथील होतकरू पोट्ट्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. मोठ्यांनी वाचायला हरकत नाही. आपला यूपीआयचा पिन घरात कोणाकोणाला पाठ आहे, याचा थोडा अंदाज येईल.

पहिली पायरी. फुकट काय आहे ते आधी ठरवा. फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय उतरवायला पैसे पडत नाहीत. विमानातून उडी मारायला पडत नाहीत, मरायला पडत नाहीत, एका दुपारी दहादा मरायलाही नाहीत. पैसे पडतात कपड्याला. कंपनीने दिलेल्या साध्या शर्टात मैदानात उतरलं की समोरचा ‘नूब’ म्हणतो आणि मग लॉबीत उभं राहायची लाज वाटते. दुकान त्या लाजेवर चालतं. एखाद्याने हजार रुपयांचं जाकीट घेतलं, तर ते बघायला साध्या शर्टातलं कोणीतरी समोर लागतंच. ती जागा आपली. बिनपगारी आहे, पण कायम आहे. निवेदन लिहिताना आपण या आस्थापनेवर आहोत हे विसरू नये.

दुसरी पायरी, हिशेब. ही पायरी नवशिके गाळतात आणि म्हणूनच नवशिके राहतात. फ्री फायर मॅक्समध्ये वरचेवर एक चाक येतं. दहा बक्षिसांतली नको असलेली दोन तुम्ही स्वतः काढून टाकायची आणि उरलेल्या आठांवर चाक फिरवायचं. आकडे इव्हेंटप्रमाणे हलतात, पण ओळखीची चढण अशी: पहिला फेरा 9 डायमंडचा (डायमंड म्हणजे पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन), मग 19, 39, 69, 99, 149, 199 आणि आठवा 499 चा. मिळालेलं बक्षीस पुन्हा येत नाही, म्हणजे आठव्या फेऱ्यापर्यंत जाकीट नक्की. सगळे मिळून 1,082 डायमंड. 100 डायमंडला 80 रुपये धरले तर सुमारे 865 रुपये. कापूस वेचणीचा दर किलोला दहा रुपये धरला तर साडेशहाऐंशी किलो कापूस, म्हणजे आईचे वावरातले दोन दिवस. हा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला की हमखास एक आवाज येतो, ‘‘आठ फेरे कायले लागते बे? माया दोस्ताले नऊ डायमंडातच लागलं!’’ त्या दोस्ताचं नाव विचारू नये. तो दर वेळी शेजारच्या गावचा असतो.

खर्चाला आळा घालायची काळजी कंपन्याही घेतात. बीजीएमआय 2021 साली आला तेव्हा अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दिवसाला तीन तास खेळ आणि 7,000 रुपये खर्च अशी मर्यादा जाहीर झाली होती. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6,025 रुपये होता. पोट्ट्याने दिवसाला क्विंटलभर कापूस आणि वर थोडा, याहून जास्त उडवू नये, इतकं कडक धोरण.

तिसरी पायरी, बाजार ओळखा. इथे रोहण्याच्या माणसाचा हात मुंबई-पुण्याचा खेळाडू धरू शकत नाही, कारण आपण कापसाच्या भावावर भांडत लहानाचे मोठे झालो. कापूस घेऊन केंद्रावर गेलं की ग्रेडर वेगळा, काट्यावरचा माणूस वेगळा, पैसे देणारा वेगळा. ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला तर सीसीआय (कापूस महामंडळ) गाडी परत पाठवते, पण निदान टक्का तरी सांगते. भांडायला तीन तोंडं मिळतात आणि वर बाजार समिती असते. गेममध्ये ग्रेडर, काटा, अडत्या, खरेदीदार आणि सभापती एकच आहे. माल त्याचा, मापही त्याचं, आणि चलनसुद्धा त्यानेच छापलेलं. कापूस विकून डायमंड घेता येतात. डायमंड विकून सरकीचं पोतंही येत नाही.

दोस्ताला आपल्याकडचे डायमंड उसने देऊ म्हटलं, तर तेही चालत नाही. गिफ्ट द्यायची सोय आहे, पण ती वस्तू कंपनीच्या दुकानातून नव्याने विकत घ्यावी लागते. देवाणघेवाणीचं दार असं बंद केलं की माणसं खिडकीतून येतात, आणि त्या खिडकीला आपल्याकडे ‘आयडी विकणे’ म्हणतात. पूर्ण खातंच विकायचं, जाकिटांसकट, बंदुकांसकट. पैसे आधी, पासवर्ड नंतर. आठवड्याने मूळ मालक ‘पासवर्ड विसरलो’ दाबतो, जुन्या ईमेलवरून खातं परत घेतो आणि तेच खातं दुसऱ्याला विकतो. कंपनीकडे तक्रार करायची, तर मुळात खाते विकणे-घेणेच नियमाबाहेर असल्याने पहिल्या ओळीत आपलाच गुन्हा कबूल करावा लागतो. पैसे गेले असतील तर कंपनीला लिहीत बसू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा. हा परिच्छेद विनोदी नाही.

चौथी पायरी. आपल्याआधी कोणाचं ऐकलं गेलं ते पाहा. रूनस्केप हा केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा ब्राउझरवरचा गेम. फुकट खेळता येई, आणि खेळाडू एकमेकांना काहीही देऊ-विकू शकत. त्यातून खऱ्या पैशात गेममधलं सोनं विकणाऱ्यांचा धंदा उभा राहिला, चोरलेल्या क्रेडिट कार्डांचा त्रास सुरू झाला. मग 2007 चा डिसेंबर ते 2008 चा जानेवारी या काळात कंपनीने मोकळा व्यापारच आवळला. देणंघेणं साधारण बरोबरीच्या किमतीचंच हवं, दोस्ताला सहज म्हणून काही दिलं तर अडलं. खेळाडूंनी गेममध्येच मोर्चे काढले. कंपनी तीन वर्षं हलली नाही. मग तिने मतदान घेतलं. सुमारे 12 लाख मतं पडली, 91 टक्के मोकळ्या व्यापाराच्या बाजूने. 1 फेब्रुवारी 2011 ला व्यापार परत आला. सोबत आपोआप खेळणारे बॉटही परत आले, पण लोकशाहीत तेवढं चालायचंच.

त्याच कंपनीच्या ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये आजही नवी गोष्ट आणायची तर मतदान होतं. मंजुरीला पूर्वी 75 टक्के मतं लागत, 2022 पासून 70. आपल्या ग्रामसभेला कोरम जमवताना काय होतं ते आठवलं की हा आकडा किती मोठा ते कळतं. फक्त एक बारीक अट आहे: मत द्यायला वर्गणीदार असावं लागतं. साध्या शर्टवाल्याने बाहेरून टाळ्या वाजवायच्या. 2023 च्या मे महिन्यात वॉर थंडर या फुकट गेमच्या खेळाडूंनी दुसरी वाट धरली. कमाई आणि खर्चाचे नवे दर आल्यावर त्यांनी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर वाईट अभिप्रायांचा पाऊस पाडला. कंपनीने दर मागे घेतले आणि पुढे काय बदलणार याची यादी जाहीर केली. तिथे जोर असा की नवं गिऱ्हाईक ते अभिप्राय वाचूनच आत येतं. एकट्याने ‘वर्स्ट गेम’ असं लिहून एक तारा दिला, तर ‘प्रिय खेळाडू, तुमच्या गैरसोयीबद्दल खेद आहे’ असं उत्तर येतं, आणि शेजारच्याने पाच तारे देऊन केलेल्या कौतुकालाही कधीकधी तेच येतं.

सरकारवर फार विसंबू नये. 14 फेब्रुवारी 2022 ला फ्री फायरवर बंदी आली. त्याचंच मॅक्स नावाचं भावंड चालू राहिलं आणि पोट्टे जुनी खाती घेऊन तिकडे गेले. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसा लावून पैसा जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद केले. डायमंड लावून जाकीट मिळवायचं चाक फिरतंच आहे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने पैसे घेऊन उघडायच्या अशा नशिबाच्या पेट्यांना 2018 मध्येच जुगार ठरवलं होतं, पण बेल्जियम आर्वी तालुक्यात येत नाही.

पाचवी पायरी, प्रत्यक्ष निवेदन. आर्वी–पुलगाव नॅरोगेज बंद पडल्यापासून ती ब्रॉडगेज होऊन यावी म्हणून इतकी निवेदनं दिली गेली की हा नमुना या भागात कोणाला शिकवायला नको. तरी नवशिक्यांसाठी देतो.

प्रति,
मा. मॅनेजर साहेब, गेम कंपनी, मु. पो. परदेश.
विषय: चाकाच्या फेऱ्यांचे दर व दोस्ताला वस्तू देण्याची सोय यांबाबत.
महोदय, वरील विषयी विनंती की, दिनांक अमुक रोजी रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी अर्जदाराच्या वडिलांच्या खात्यातून 865 रुपये गेले. पावती क्रमांक सोबत जोडला आहे. तरी (1) आठही फेऱ्यांची बेरीज पहिल्या फेऱ्याच्या बटणावरच मोठ्या अक्षरात लिहावी. (2) कोणते बक्षीस किती टक्के लागते ते बटणाच्या शेजारी लावावे, चार पडद्यांच्या मागे नको. (3) वापरून झालेले जाकीट दोस्ताला देऊ द्यावे, म्हणजे आयडी विकणाऱ्यांचे दुकान बसेल व अर्जदाराचे ऋणानुबंधही टिकतील. ही नम्र विनंती.
प्रत माहितीस्तव: वडील (पाठवू नये).

तारीख, वेळ, रक्कम आणि पावती क्रमांक हे चार ऐवज नसतील तर बाकी सगळं खोडून टाका. काट्यावर पट्टी न घेता भांडणाऱ्याला कोणी उभं करत नाही. शिव्या घालू नयेत, त्या यंत्रच गाळतं. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मध्यस्थ कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 24 तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो. खरेदी घरच्यांना न विचारता झाली असेल, तर गुगल प्लेवर 48 तासांच्या आत पैसे परत मागता येतात. त्यासाठी आधी घरी सांगावं लागतं, आणि बहुतेकांचे 48 तास तिथेच संपतात. त्यानंतरही ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर राहतो.

पंधरा दिवसांच्या आत ‘टॉप-अपवर दुप्पट डायमंड’ असा इव्हेंट येईल. तो आपल्या निवेदनाला आलेला प्रतिसाद आहे असं समजू नये. तो सगळ्यांनाच येतो. त्या रात्री टॉप-अप केलं, तर कंपनीच्या दप्तरी निवेदन निकाली निघाल्याची नोंद आपण स्वतःच केली असं होतं. नाही केलं, तर दहाएक दिवसांनी ‘तुमची आठवण येते’ म्हणून एक फुकट शर्ट येतो. तो घ्यावा. रंग आवडला नाही, तर पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.