लय बेस

नवं गाणं कानावर पडलं की आपण शब्द ऐकतो, चाल ऐकतो, गळा कसा आहे ते बघतो. बेसवाला स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून डोळे मिटतो. जुने वैद्य नाडी बघत तसं. मग हात काढून घेतो आणि नातेवाइकांना सांगावं तशा आवाजात म्हणतो, "दम नाही."

असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक असतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावर राहतो. दिवसा लोकांच्या कर्जाच्या फायली तपासतो आणि रात्री बेडरूममध्ये रेकॉर्डिंगं करतो. खोली दहा बाय बाराची. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. घर माळकरी, त्यामुळे ट्रेंवरून घरात काय झालं असेल ते विचारू नका. बरं, त्या ट्रेंनी बेसला काडीचा फरक पडत नाही. 50 हर्ट्‌झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. तिला अंड्याएवढ्या खळग्याचं काय?

हे दुखणं वडिलोपार्जित आहे. वडिलांच्या टेपडेकला 'लाउडनेस' नावाचं बटण होतं. आवाज बारीक असला की आपल्या कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली मोजून दाखवलं. ती तूट भरून काढायला हे बटण. आवाज मोठा केला की ते सोडायचं असतं. यांच्या घरी ते कधी सुटलंच नाही. मुलगा त्या दाबलेल्या बटणाखालीच वाढला.

तर आषाढीच्या आधी आमच्या भजनी मंडळाने एक अभंग रेकॉर्ड करायचं ठरवलं. मंडळात मी टाळ वाजवतो, यावरून माझं स्थान ओळखा. गायला दोन काकू, पेटीवर एक निवृत्त मास्तर आणि पखवाजावर बुवा. एका रविवारी सगळे त्या खोलीत कोंबून बसलो, पंखा बंद ठेवायचं विसरलो आणि अभंग झाला. काकूंना वाटलं, काम संपलं. बेसवाल्याच्या लेखी ते तेव्हा सुरू झालं होतं.

पहिल्या रात्री त्याने पखवाजाची धुम सहा डेसिबलने वर नेली. सहा डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतं, पण तीन वाढले की शक्ती दुप्पट लागते, सहाला चौपट. कॉम्प्युटरच्या पट्टीवर शून्याच्या पुढे रस्ता नाही. तिथे लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. काठोकाठ भरलेल्या एसटीत दोन पोती घेऊन एक गृहस्थ चढावेत तसा हा बेस. काकूंचा आवाज खिडकीशी बारीक बसलेला, माझा टाळ तर टपावरच. पोती आत आली की कुणाला तरी उतरावं लागतं. याने काय केलं, सगळी गाडीच खाली घेतली. लाल दिवा विझला, पण अभंग शेजारच्या घरातून आल्यासारखा येऊ लागला. ग्रुपवर टाकल्यावर पहिला प्रतिसाद आला : "छान आहे, पण आवाज येत नाही."

दुसऱ्या रात्री त्याने लिमिटर लावला. लिमिटर म्हणजे दाराशी उभा कंडक्टर, कुणाला काठाबाहेर जाऊ देत नाही. बेसवाल्याने कंडक्टर ठेवला आणि मागून गर्दी रेटली. धुम पडली रे पडली की काकूंचा आवाज दचकून खाली बसे आणि हळूच वर येई. ठेक्यागणिक. ऐकून काकू म्हणाल्या, "मला त्या दिवशी उचकी लागली नव्हती रे."

कुणी दुसरा असता तर इथे थांबला असता. हा माणूस आठवडाभर जागला आणि कबूल केलंच पाहिजे की त्याला एक खरी गोष्ट सापडली : बेस वाढवायचाच असेल तर बाकीच्यांच्या तळाशी साचलेला गाळ आधी उपसावा. त्याने दोन्ही काकूंचा आवाज 100 हर्ट्‌झखाली कापला. तिथे काकू नव्हत्याच. होता तो पंखा, लिफ्ट आणि कांदेबटाटे विकणारा टेम्पो. पेटीचा दोन-अडीचशे हर्ट्‌झच्या आसपासचा बदबदाट थोडा उतरवला. पखवाजाखालीही 30 हर्ट्‌झच्या आतली नुसती जमिनीची थरथर होती, ती छाटली. ती ऐकू येत नव्हती, तरी जागा खात होती. एवढ्यावर धुम सुटी झाली, आणि एकूण आवाज तसूभर खाली गेला नाही. मग त्याने माझा टाळही खालून कापला. काहीच फरक पडला नाही. हे मला जरा लागलं.

पुढचा अडथळा फोनचा. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून 60 हर्ट्‌झ बाहेर येतच नाही, कितीही वाढवा. यावरचा इलाज मात्र मला जादूसारखा वाटला. धुमीला किंचित खरवडायचं, म्हणजे तिच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे वरचे सूर तयार होतात. ते फोनला वाजवता येतात, आणि ते ऐकून खालचा मूळ सूर आपलं डोकं पदरचा घालतं. नसलेला बेस ऐकू येतो. एकाही पोत्याला एसटीत जागा द्यावी लागत नाही.

इथेच सोडायला हवं होतं. पण त्याला 'अंतिम निर्णय' हवा होता आणि त्यासाठी त्याने आजीला बसवलं. आजी मूळच्या अकोल्याकडच्या. भिंतीला लागून असलेल्या दिवाणावर त्या पाय पसरून बसल्या, हा खोलीच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून.

"आजी, कसं वाटतंय?"

"बेस."

"जास्त?"

"लय बेस हाये."

याने दोन डेसिबल उतरवले. "आता?"

आजींनी विचार केला. "आता काही तेवढं बेस नाही लागून रायलं."

याने तीन चढवले. असं पाऊण तास चाललं. वऱ्हाडात चांगल्या गोष्टीला बेस म्हणतात हे मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. एक तर बोलायची फट मिळत नव्हती, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक फेरीला अभंग सुधारत होता.

शेवटी पाय मोकळे करायला मी उठलो आणि दिवाणाकडे गेलो. धुम एकदम पोटात घुमली. परत खुर्चीपाशी आलो, गायब. बारा फुटांची खोली म्हणजे 47 हर्ट्‌झच्या लाटेचा नेमका अर्धा. अशा वेळी भिंतींशी दाब सर्वांत जास्त आणि मधोमध जवळपास शून्य. जगातल्या सगळ्या गाण्यांत दम नाही असं म्हणणारा हा माणूस सहा वर्षं त्या शून्यात खुर्ची टाकून बसला होता. भिंतीपलीकडच्या जोशी वहिनींच्या मांडणीवरचे डबे इतकी वर्षं का वाजत होते, तेही तेव्हाच कळलं.

मी त्याला सांगितलं. तो उठला, भिंतीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. मग खुर्ची तीन फूट मागे सरकवून बराच वेळ गप्प बसला. पुढच्या रविवारी त्याने बुवांना बोलावलं.

बुवांनी आतापर्यंतचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डेसिबलही ऐकले. मग म्हणाले, "त्या दिवशी धुमेवरची कणीक वाळली होती. पंखा होता ना वर. अजून जराशी लावायला हवी होती, पण दुसऱ्याच्या घरी कशी मागणार?"

खोलीत शांतता पसरली. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावली की कातडं जड होतं, सूर खाली उतरतो आणि धुम बोलते. ही गोष्ट लाल दिव्यांच्या कितीतरी आधीची. आजी उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि परातीतला गोळा तोडून घेऊन आल्या.

"येवढ्यात रातची एक पोई कमी पडन," त्या म्हणाल्या.

बुवांनी गोळा पाण्याच्या हाताने पुडीवर थापला, अंगठ्याने कडा दाबली आणि पंजा टाकला. दाराची कडी हलली. लॅपटॉप अजून बंदच होता. बेसवाल्याने डोळे मिटले, पखवाजाच्या खोडावर तळहात ठेवला आणि थोड्या वेळाने परातीकडे बघत म्हणाला,

"बुवा, अजून एका पोळीची लावून बघूया?"