कोऱ्या फॉर्मवर सही मागणाऱ्या भाऊसाहेबांना

श्रीयुत खरेदीदार भाऊसाहेब यांना,
मु. पो. सावनेरहून वि. वि.

गेल्या रविवारी भर उन्हात आपण नागपूरहून आमच्या दारी आलात, 1994 ची प्रीमियर पद्मिनी पाहिलीत, दोनदा चहा घेतलात आणि गाडी न घेता गेलात, याबद्दल मनःपूर्वक आभार. त्यातही गाडी न नेल्याबद्दल विशेष.

जाहिरातीत किंमत ठळक छापली होती. तरी फोनवर आपला पहिला प्रश्न, "काका, लास्ट किती?" याच सावनेरात 23 जानेवारी 1919 ला राम गणेश गडकरी गेले. विनोदही त्यांच्याबरोबरच गेला, अशी आमची समजूत होती. ती आपण दुसऱ्या प्रश्नात दूर केलीत. "वजन किती भरंल हो गाडीचं?"

भरेल नऊशे किलोच्या आसपास. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट म्हणून निघालेली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झालेली ही गाडी मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, तेव्हा अख्खी मुंबई हळहळली. हे मी आपल्याला सांगत होतो आणि आपण नखाने दाराचा रंग खरवडत होतात.

गिअरचा दांडा स्टिअरिंगला असतो हे ठाऊक नसणं हा काही गुन्हा नाही. आपण तो वायपरचा समजून ओढलात, तेही चालायचंच. फ्युएल पंपावर बांधलेलं ओलं फडकं पाहून मात्र आपण सोबतच्या दोस्ताला डोळा मारलात. मे महिन्यात आदासाच्या गणपतीला जायचं तर ते फडकं लागतं. ऊन चढलं की पंपातच पेट्रोलची वाफ होते, गाडी दोन आचके देऊन बंद पडते. बोनेट उघडायचं, फडक्यावर बाटलीभर पाणी ओतायचं, सावलीत दहा मिनिटं बसायचं, की निघाली. हा दोष मी जाहिरातीतच लिहिला होता. आपण तो वाचून आलात आणि त्याचेच पाच हजार कापलेत. ई-20 पेट्रोलच्या नावाने आणखी दहा. माझ्या वडिलांनी पहिल्या दिवसापासून ठेवलेली सर्व्हिसची वही दाखवली, तर ती आपण वारा घ्यायला वापरलीत. असो, उकडत होतं खरं.

हे सगळं मी हसून नेलं असतं. पण त्यानंतर आपण बॅगेतून ते कागद काढलेत.

"काका, फक्त सह्या करून द्या. बाकी कोरंच राहू द्या. गिऱ्हाईक भेटलं का त्याच्या नावावर चढवून देतो."

फॉर्म 29, फॉर्म 30. घेणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा, तारखेचा कोरा, खाली फक्त माझी सही. म्हणजे मी गाडी विकली कुणाला? कुणालाच नाही. गाडी आपल्या अंगणात, पैसे माझ्या खिशात आणि आरटीओच्या दप्तरी मालक मीच. मी म्हणालो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. आपण म्हणालात, "एवढं कोन पाह्यते काका? तुमी टेन्शन काहून घेता?"

कोण पाहतं ते सांगतो. सर्वोच्च न्यायालय पाहतं. फेब्रुवारी 2018 चा निकाल आहे. एका माणसाने 2007 मध्ये गाडी विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, 2009 मध्ये अपघात झाला, लहान मूल गेलं. कागदावर नाव पहिल्याचंच राहिलं होतं, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्याच डोक्यावर बसली.

त्यावर आपलं उत्तर, "मी डीलरच आहो नं!" उत्तम. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. अशा डीलरला गाडी सोपवल्याचा फॉर्म 29-सी भरला की तोच मालक मानला जातो आणि विकणारा सुटतो. मी अधिकारपत्र मागितलं. आपण व्हिजिटिंग कार्ड दिलंत. त्यावर गणपती होता.

अरे बाबा, उद्या हीच गाडी कोराडी रोडवर कुण्या शाळकरी पोराच्या अंगावर गेली तर? सीमेपलीकडच्या पांढुर्ण्याकडून दारूच्या पेट्या घेऊन येताना सापडली तर? पोलिस तुझ्या दारी येतील का माझ्या? त्या दिवशी तू फोन उचलशील? वडिलांनी पुसून पुसून ठेवलेल्या वस्तूपायी म्हातारपणी मी कोर्टाच्या बाकावर बसू, आणि तेही तुझे चार पैसे वाचावेत म्हणून? लाज नाही वाटत मागायला?

माफ करा. पुन्हा "आपण"वर येतो.

कारण दुसऱ्या चहाला आपण सहज बोलून गेलात. काही वर्षांपूर्वी आपण आपली स्कूटर अशीच कोऱ्या सहीवर देऊन टाकलीत. तिने कुणाला तरी उडवलं. घेणाऱ्याचा पत्ता नाही, नाव आपलंच, म्हणून नागपूरला क्लेम ट्रिब्युनलमध्ये तारखा सुरू आहेत. "जा लागते काका. त्या दिवशी धंदा बंद, वकिलाचे वेगळे." बशीतला चहा तसाच धरून आपण हे सांगत होतात आणि मला राग धरता येईना. आपला हिशेबही कळतो. गाडी आधी आपल्या नावावर, मग गिऱ्हाईकाच्या नावावर चढवायची तर खर्च दुप्पट, शिवाय मालकांच्या संख्येत एकाची भर पडते, की भाव आणखी पडतो. तेवढ्या फटीतच आपली कमाई. असे कागद बॅगेत घेऊन फिरणारे आपण एकटे नाही आणि आपल्याला कुणी दुसरी रीत शिकवलेलीही नाही.

पण हे सांगून झाल्यावर, बशी खाली ठेवून, आपण तेच कोरे फॉर्म पुन्हा माझ्याकडे सरकवलेत. तिथे माझी मती गुंग झाली, भाऊसाहेब.

तर गाडी अजून विकायची आहे. माझ्या डाव्या गुडघ्याला आता क्लच झेपत नाही, एवढंच कारण. नोंदणीचं नूतनीकरण 2024 मध्ये पाच हजार भरून केलंय, ते 2029 पर्यंत चालेल. त्यापुढची फी मात्र आता दहा हजार झालीय, हेही आत्ताच सांगून ठेवतो. विमा चालू आहे, नवी नंबर प्लेट बसवलेली आहे. किंमत जाहिरातीतलीच. ज्याच्या नावावर गाडी होणार त्याने स्वतः यावं, आधार आणि पत्त्याचा पुरावा घेऊन. आरटीओची पावती हातात पडली, की लगेच किल्ली. आपल्याला घ्यायची असेल तर आपल्यालाही हीच अट. ट्रिब्युनलची तारीख नसेल अशा दिवशी या.

कळावे,
आपला,
पद्मिनीचा आजही नोंदणीकृत असलेला मालक