एक सर्व्हर, पाच क्लायंट, शून्य बॅकअप

तुर्भ्याच्या एमआयडीसीत सर्व्हर ओळखणं सोपं आहे. ज्या संगणकाला दसऱ्याला झेंडूचा हार चढतो, ज्याच्या कपाळावर 'कृपया बंद करू नये' असा कागद चिकटवलेला असतो आणि ज्याच्या पंख्यात मागच्या दोन दसऱ्यांच्या पाकळ्या अडकलेल्या असतात, तो सर्व्हर. कारखान्यात तो टेबलाखाली असतो, मसाला मार्केटच्या गाळ्यात पोटमाळ्यावर. त्यात टॅली असते, जीएसटीची बिलं असतात, कामगारांचे पगार असतात, उधारीचा सगळा हिशेब असतो आणि जागा उरलीच तर शेठच्या मुलाच्या लग्नाचा व्हिडिओही असतो.

वर्षातून एकदा उजव्या कोपऱ्यात लाल चौकोन उगवतो: परवाना संपला. मग ऑफिसात तो सनातन प्रश्न विचारला जातो, "अँटिव्हायरस कोणता घ्यायचा?" शेठ आयटीवाल्याला विचारतो. आयटीवाला डीलरला विचारतो. डीलर आपल्या कपाटाला विचारतो. कपाटात ज्याचे खोके जास्त, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम अँटिव्हायरस.

"शेठ, सर्व्हरसाठीचा वेगळा घ्यावा लागेल. घरगुती चालणार नाही."

"अरे, माझ्या पोराच्या लॅपटॉपवर तर चालतो."

"सर्व्हरच्या विंडोजवर तो इन्स्टॉलच होत नाही, शेठ."

"मग सर्व्हरचं विंडोज काढ आणि साधं टाक. त्यात काय एवढं!"

हाच शेठ मार्केटात जिऱ्याचं पोतं घेताना मूठभर माल तळहातावर चोळतो, हुंगतो, दोन दाणे चावतो आणि काडीकचरा जास्त आहे म्हणून दहा रुपये पाडून घेतो. वीस वर्षांचा हिशेब ज्याच्या भरवशावर सोडायचा, ती वस्तू मात्र तो खोक्याचा रंग पाहून घेतो. किंवा घेतच नाही. "क्रॅक मिळेल का बघ."

चांगला माल बाजारात नाही असं मुळीच नाही. एक तर आपल्या पुण्यातच तयार होतो. कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस मारणारे प्रोग्राम लिहिले आणि १९९० च्या दशकात त्यातून क्विक हील उभं राहिलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मराठी माणूस धंद्यात मागे का, यावर तावातावाने बोलणारे आपण. पण मराठी माणसाने धंदा केला की त्याच्या मालाची 'की' फुकट कुठे मिळेल, हे विचारत फिरणारेही आपणच.

क्रॅकची गंमत अशी की, बहुतेकांबरोबर सूचनांची एक फाइल येते आणि तिच्यात पहिली पायरी लिहिलेली असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. इतकं स्वच्छ सांगून घरात शिरणारा भामटा दुसऱ्या कुठल्याही धंद्यात सापडणार नाही. आपण आज्ञाधारकपणे अँटिव्हायरस बंद करतो, क्रॅक चालवतो, काम झालं की पुन्हा सुरू करतो आणि हिरवी खूण दिसली म्हणून निर्धास्त होतो.

आता कुणी म्हणेल, पैसे मोजून अस्सल परवाना घेतला की प्रश्न मिटला. तर ज्या महामंडळाच्या भूखंडावर तुमचा कारखाना उभा आहे, त्याचीच हकीकत ऐका. २१ मार्च २०२१ च्या पहाटे एमआयडीसीच्या यंत्रणेवर 'सायनॅक' नावाच्या रॅन्समवेअरने हल्ला केला. वार रविवार. हॅकरला साप्ताहिक सुट्टी नसते. मुख्यालयातले सर्व्हर, क्लाउडवरचे सर्व्हर, ठिकठिकाणच्या कार्यालयांतले काही संगणक अशा सगळ्यांवरच्या डेटाला कुलूप लागलं. खंडणी ५०० कोटींची असल्याच्या बातम्या आल्या. महामंडळाने सांगितलं, चिठ्ठीत रक्कम नाहीच, संपर्क कसा साधायचा तेवढं लिहिलंय. हॅकरला आपल्याकडच्या व्यवहाराची रीत पक्की ठाऊक असावी. आकडा कागदावर नको, आधी भेटा.

आणि अँटिव्हायरस? होता. नामांकित कंपनीचा, रीतसर परवान्याचा होता. हल्ल्यातून वाचले ते वेगळ्या नेटवर्कवर ठेवलेले बॅकअप.

एवढ्या मोठ्या घरचा पहारेकरी गाफील राहतो, तर आपल्या पोटमाळ्यावर काय होतं? तिथे तो गाफील नसतो, आपणच त्याचे हात बांधलेले असतात. शेठला रात्री खारघरच्या घरी बसून दिवसाची वसुली बघायची असते. आयटीवाला पाच मिनिटांत राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं दार थेट इंटरनेटवर उघडून देतो. पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढे १२३. हेच दार कुठे उघडं आहे ते शोधणारे प्रोग्राम जगभरात रात्रंदिवस फिरत असतात आणि त्यांना १२३ पर्यंत मोजता येतं. एकदा पासवर्ड जुळला की आत येणारा चोर म्हणून येत नाही, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून येतो. त्याचं पहिलं काम कुठलं? अँटिव्हायरस काढून टाकणं. मालकानेच 'तू जा' म्हटल्यावर बिचारा जातो.

दुसरं, एक ठरलेली तक्रार: "अँटिव्हायरस टाकल्यापासून टॅली स्लो झालीय." बरोबर आहे, प्रत्येक फाइल उघडताना तपासायची तर थोडा वेळ लागणारच. यावर इलाज आहे. हिशेबाचं नेमकं फोल्डर पाहून, जेवढी सूट लागेल तेवढीच द्यायची आणि बाकी सगळं तपासणीत ठेवायचं. आपल्याकडे सूट मिळते ती अख्ख्या डी ड्राइव्हला. म्हणजे जिथे सोनं आहे ती खोली सोडून बाकी घरभर पहारा.

तिसरं, खुद्द विंडोजचं वय. सर्व्हर २०१२ आर-२ या आवृत्तीची नेहमीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १० ऑक्टोबर २०२३ ला थांबवली. ती अजून जोमात चालवणाऱ्याने अँटिव्हायरसच्या ब्रँडवर वाद घालू नये. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आठवा. त्याने ज्या भोकातून जगभर धुमाकूळ घातला, ते बुजवण्याचं ठिगळ मार्च २०१७ मध्येच आलं होतं. हल्ला झाला १२ मे रोजी. मधले दोन महिने लोक काय करत होते? 'नंतर आठवण करा' हे बटण दाबत होते.

मग घ्यायचा तरी कोणता? सदर तिरकस असलं तरी उत्तर सरळ देतो. तुमचं विंडोज सर्व्हर २०१६ किंवा त्यापुढचं असेल, तर मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर त्यात आधीपासून बसलेला आहे. तो चालू आहे का, एवढं आज बघा. कदाचित मागच्या क्रॅकच्या वेळी बंद केलेला तसाच असेल. विकत घ्यायचा असेल तर सर्व्हरसाठीचाच घ्या. एव्ही-टेस्ट किंवा एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या परदेशी प्रयोगशाळांचे ताजे निकाल फुकट वाचायला मिळतात, ते डीलरच्या कपाटाहून जास्त भरवशाचे. आणि डीलरला 'डिस्काउंट किती?' याआधी चार प्रश्न विचारा. पासवर्डशिवाय कुणाला हा काढून टाकता येतो का? सगळ्या संगणकांची हालहवाल एका जागी दिसते का? रविवारी पहाटे त्याने धोक्याची घंटा वाजवली, तर ती कुणाच्या फोनवर वाजणार? अपडेटने घोटाळा केला तर मागे कसं फिरायचं? चौथ्या प्रश्नावर डीलर हसेल. हसू द्या.

कारण घोटाळा होतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या बड्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. व्हायरस नाही, हॅकर नाही, रक्षकानेच पाय ओढला. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. डिजिटल इंडियाला बॉलपेनने तारलं.

आणि समजा, सगळं करूनही गाळ्यात हल्ला झालाच, तर? एप्रिल २०२२ मध्ये 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने आदेश काढला आहे की, अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. छोट्या उद्योगांना थोडी मुदतवाढ मिळाली होती, तीही २०२२ च्या सप्टेंबरातच संपली. आपल्याकडे पहिले दोन तास रीस्टार्ट करण्यात जातात, पुढचे दोन आयटीवाल्याचा फोन लागण्यात आणि उरलेले दोन 'कुणाला सांगू नकोस, बँकेला कळेल' हे ठरवण्यात.

एवढं झाल्यावर बॅकअपची आठवण होते. बॅकअप असतो, नाही असं नाही. सर्व्हरलाच चोवीस तास जोडलेल्या हार्ड डिस्कवर असतो. सर्व्हरच्या फाइलींना कुलूप घालणारा प्रोग्राम ती डिस्क ओलांडून सभ्यपणे पुढे जाईल, अशी शेठची श्रद्धा असते. तो जात नाही. विंडोजला ती डिस्क दिसते, म्हणजे त्यालाही दिसते. काम झालं की सुटी करून कपाटात ठेवलेली डिस्क, दुसरी इमारतीबाहेर, आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल खरोखर उघडते का याची तपासणी: एवढ्याला फार खर्च येत नाही. म्हणूनच ते कुणी विकत नाही आणि कुणी सांगतही नाही. डिस्क कपाटात ठेवायला सांगण्याचं कमिशन किती मिळणार?

पटत नसेल तर शेजारच्या न्हावा-शेवा बंदराला विचारा. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला आडवं केलं आणि तिथल्या, म्हणजे जेएनपीटीमधल्या, तिच्या टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. हा आला कुठून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. टॅलीवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मर्स्कला १० दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

यात कहर असा की, सगळ्या नेटवर्कची वही सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर एकमेकांना जोडलेले होते. एक गेला तर दुसरा आहे, या हिशेबाने. व्हायरस त्याच जोडणीवरून एकूण एक खाऊन गेला. वाचला तो फक्त घानामधला, कारण हल्ल्याआधीच तिथली वीज गेली होती आणि तो बंद पडलेला होता. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून एकाने ती हार्ड डिस्क नायजेरियाच्या विमानतळापर्यंत नेली आणि तिथून दुसऱ्याने लंडनला. अब्जावधींच्या कंपनीच्या त्या वहीचा एकमेव धड बॅकअप लोडशेडिंगने घेतला होता.

तुर्भ्यात ती सोयही नाही. शेठने सर्व्हरला यूपीएस लावलाय, यूपीएसला इन्व्हर्टर, आणि वर कागद आहेच: 'कृपया बंद करू नये'. तेव्हा देवावर आणि महावितरणवर विसंबू नका. संध्याकाळी शटर ओढण्याआधी बॅकअपच्या डिस्कची वायर स्वतःच्या हाताने काढा. मग अँटिव्हायरस डीलरच्या कपाटातला घेतलात तरी चालेल.