नानांची पिकअप आणि उरणची सून

अहो वहिनी, ऐकलंत का? नानांची पिकअप बरी झाली! नाही हो, विकली नाही. भंगारवाल्याला दाखवून आले होते तेवढं खरं, पण दिली नाही. आता पहिल्या सेल्फला सुरू होते. आणि दोष कुणी शोधला माहितीये? थांबा, जरा इकडे सरका. नानी ओटीवर बसल्यात आणि त्यांचे कान तुम्हाला माहीतच आहेत.

तर त्या गाडीचं रडगाणं सगळ्या पावणे गावाला पाठ झालेलं. पहाटे वाशीच्या मार्केटातून भाजी उचलायची, महापे-रबाळ्याच्या कॅन्टीनला टाकायची, दुपारी मिळेल ते भाडं. आपल्याकडे जमिनी आधी एमआयडीसीत गेल्या, उरल्यासुरल्या १९७० नंतर सिडकोने घेतल्या, तेव्हा अर्ध्या गावाने टेम्पोच धरले ना. नानांचं सगळं घर त्या एका गाडीवर चाललेलं. आणि गाडी कशी? घरातून निघताना शहाण्यासारखी सुरू व्हायची. माल उतरवून परत चावी फिरवली की... टक्. बस्स. एक टक् आणि गप्प. पंधरावीस मिनिटं थांबा, हमालांना चहा पाजा, मग पुन्हा जसं काही झालंच नाही अशी सुरू. मेकॅनिककडे नेली की हटकून सुरू व्हायची. मेकॅनिक म्हणायचा, नाना, गाडीला काही झालं नाहीये, तुम्हीच आराम करा. नानांचा चेहरा बघायचा होता तेव्हा!

नानी मात्र पहिल्यापासून एकच म्हणत होत्या. तोंडाने नाही हो, डोळ्यांनी. लग्न झालं मार्चमध्ये, उरणची सून आली घरात, आणि गाडी बंद पडायला लागली त्याच महिन्यात. हळदीकुंकवाला आमच्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "काही काही माणसांच्या पायगुणानं लोखंडसुद्धा रुसतं." सून तिथेच उभी, हातात पन्हं. काही बोलली नाही. पण माझं लक्ष होतं ना, कान लाल झाले पोरीचे. तुम्ही नव्हता त्या दिवशी, डोंबिवलीला गेला होतात.

बरं, उपाय काय केले? गावदेवीला नारळ झाला. लिंबू-मिरची दर शनिवारी. मग जावईबापू आले. त्यांच्या ओळखीचं बॅटरीचं दुकान. म्हणाले, "बॅटरीच गेलीये, डोळे मिटून नवी टाका." टाकली. साडेपाच-सहा हजार तिथेच गेले. आठवडाभर गाडी बरी चालली, जावईबापूंची कॉलर ताठ. आणि आठव्या की नवव्या दिवशी तुर्भे नाक्याला, भर ट्रॅफिकात... टक्. मागे बेस्टची बस, पुढे डंपर, आणि ड्रायव्हरला लोक काय काय बोलले ते मी इथे सांगत नाही.

मग ड्रायव्हर म्हणाला, सेल्फ गेलाय. त्याचंही काही चुकीचं नव्हतं हो. तो म्हणायचा, चावी मारताना हेडलाईट लावून बघा, लाईट मंद होत नाही, म्हणजे बॅटरी चांगली, म्हणजे सेल्फच खराब. सेल्फ उतरवला. कार्बन बदलले, बुश बदलले, सोलेनॉइड नवा. टेबलावर ठेवून वायर लावली तर भर्रकन फिरला. नाना खूश. गाडीत बसवला, चार दिवस ठीक, पुन्हा तेच. आता टेबलावर फिरणारा सेल्फ गाडीत का फिरत नाही, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. सगळे म्हणाले, डुप्लिकेट माल टाकला असेल. ज्याने टाकला तो म्हणाला, इग्निशन स्विच बघा. तोही बदलला!

आणि गंमत ऐका. ॲक्सिलरेटरची केबल. ती दोनदा बदलली त्या काळात. सारखी जाम व्हायची, वरचं प्लॅस्टिक वितळल्यासारखं. एकदा तर बॉनेटमधून जळका वास आला म्हणे. सगळ्यांनी वेगळा खर्च म्हणून सोडून दिलं. हे लक्षात ठेवा वहिनी, त्या केबलकडे परत यायचंय.

तर काय सांगत होते... हां, पेणचं. गणपतीचं. अहो तुम्हाला कळलं नाही का? वाडीतले चार गणपती नानांच्या गाडीतून येतात ना दरवर्षी पेणहून. कारखान्याच्या दारात मूर्त्या चढवल्या, प्लॅस्टिकने झाकल्या, वर पाऊस, पोरांनी "मोरया" म्हटलं, आणि नानांनी चावी फिरवली. टक्. पोरांनी पुन्हा मोरया म्हटलं. टक्. मग काय, धक्का. दुसऱ्या गिअरला टाकून क्लच सोडला आणि निघाली. आता हे बघा, धक्क्याने निघते म्हणजे इंजिन, डिझेल, सगळं ठणठणीत. डिझेल लाइनीत हवा धरली असती किंवा फिल्टरमध्ये पाणी असतं तर सेल्फ फिरला असता पण गाडी पेटली नसती. इथे सेल्फच फिरत नव्हता. हे मला आत्ता कळतंय हं, तेव्हा आम्ही सगळ्या आरतीची ताटं घेऊन रात्री अकरापर्यंत ताटकळत होतो. नानी म्हणाल्या, "बाप्पासुद्धा अडकला." आणि बघितलं कुणाकडे? बरोब्बर.

त्याच रात्री सुनेने काय केलं असेल? भांडली? छे. भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि मार्चपासून लिहीत बसली. नवऱ्याला, ड्रायव्हरला, नानांनासुद्धा विचारून. कुठल्या दिवशी बंद पडली, सकाळी की दुपारी, इंजिन गार की गरम, माल भरलेला की रिकामी, आणि आवाज कसा आला. नाना चिडले, "आवाजाचं काय घेऊन बसलीस?" तर म्हणाली, "बाबा, आवाजातच सगळं आहे. काहीच आवाज नाही म्हणजे चावीपासून सेल्फपर्यंतची बारीक वायर, नाहीतर स्विच. टकटकटकटक असं भराभर वाजलं म्हणजे बहुतेक बॅटरी उतरलेली, नाहीतर तिचे टर्मिनल ढिले. सेल्फ नुसता गर्रर्र फिरला आणि इंजिन हललं नाही तर बेंडिक्स. आणि तुमच्यासारखं एकच टक्, लाईट मात्र झगझगीत, म्हणजे सोलेनॉइड ओढतोय पण मोठा करंट कुठेतरी अडतोय. जाताना नाहीतर येताना."

ती कंपनीत पॅनेलचं वायरिंग करते ना रबाळ्याला. आयटीआयची इलेक्ट्रिशियन आहे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरातली गाडी घरातल्या सुनेला कोण दाखवणार? पुरुषांचं डोकं बॉनेटखाली आणि बायकांचं परातीवर, आपल्याकडे वाटणी ठरलेली.

आता परवाचं. परवा म्हणजे मंगळवारी. संध्याकाळ, पाऊस नुकता थांबलेला, गाडी बरोब्बर आपल्या गल्लीच्या तोंडाशी आडवी बंद. तुमच्या ह्यांची स्कूटरसुद्धा जाईना. सगळी आळी गोळा. कंपनीच्या बसमधून सून उतरली, खांद्याला बॅग, बॅगेत मीटर. म्हणाली, "कुणी धक्का मारू नका! बंद पडलीये तेव्हाच तपासायची असते, सुरू झाल्यावर काय तपासणार?" नानी ओटीवरून, "अगं आधी आत ये, हातपाय धू." ऐकतेय कोण!

बॅटरीवर मीटर लावला. साडेबारा आणि वर थोडा. म्हणाली भरलेली आहे. नानांना म्हणाली, चावी फिरवा. टक्. मीटर बाराच्या खाली जेमतेम उतरला. सेल्फ खरंच जोर लावत असता तर दहा-साडेदहापर्यंत तरी यायला हवा, म्हणजे बॅटरीतून करंट निघतच नव्हता धड. मग प्लसकडची जाड वायर तपासली, ठीक. आणि मग, वहिनी, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी थेट इंजिनाच्या लोखंडावर. "चावी." टक्. आठाच्या वर आकडा! म्हणाली, "इथे अर्धा व्होल्टसुद्धा चालत नाही. इंजिनला अर्थिंगच नाहीये." जावईबापू हसले, "अगं, मायनस चेसिसला आहे की, मी स्वतः घट्ट केलीये." ती म्हणाली, "चेसिसला आहे. इंजिन चेसिसवर कुठे बसलंय? रबरावर बसलंय."

झालं, सगळे गप्प. मग कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याची जंपर केबल मागवली. तिची नुसती काळी वायर लावली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, एक इंजिनाच्या हुकाला. नानांनी चावी फिरवली आणि अहो... अर्ध्या फेरीत पेटली! पोरं ओरडली. ड्रायव्हर खाली मान घालून चप्पल बघत होता. जावईबापूंना अचानक फोन आला. वाजला नव्हता हं, मी शेजारीच उभी होते.

मग खाली वाकून दाखवलं तिने. चेसिसपासून गिअरबॉक्सला एक विणलेल्या तांब्याची पट्टी असते. ती हिरवीगार झालेली, चारदोन तारा धरून होत्या. खाडीची हवा आपली, वर हे केमिकलवाले, तांबं टिकतंय कुठे. गार असताना तेवढ्या तारांवर भागायचं. गाडी तापली, खड्ड्यांतून हादरली की संपलं. आणि तो करंट मग दुसरी वाट शोधायचा. कुठली? ॲक्सिलरेटरची केबल! इंजिनाला आणि बॉडीला जोडणारं लोखंड तेवढंच. सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट त्या बिचाऱ्या केबलीतून जायला बघायचा, म्हणून ती वितळायची. हेडलाईट मात्र झगझगीत, कारण त्यांचं अर्थिंग चेसिसला, त्यांना काय फरक पडतो? बघा, ड्रायव्हरची युक्ती बरोबर होती, अर्थ अर्धाच लावला त्याने. आमच्या ह्यांना तेवढ्यात ज्ञान पाजळायचं होतंच. म्हणे १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकला केटरिंग नावाच्या माणसाने सेल्फ बसवला, त्याआधी सगळं जग पुढून हँडल मारायचं. मी म्हटलं, तुम्ही घरात चला आता.

पण खरी मजा पुढे. पट्टीचा बोल्ट खोलला तर खाली काय? रंग! चकचकीत काळा रंग. चेसिसवर रंग मारून त्यावरच पट्टी आवळलेली. आधीच झिजलेली पट्टी, त्यात बूड रंगावर. सून विचारते, "बाबा, रंग कधी मारला होता?" नाना आठवतात... पासिंगसाठी. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं ना आरटीओचं, म्हणून डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. कधी? तर लग्नाच्या आधीच्या आठवड्यात. वरातीला गाडी चांगली दिसावी म्हणून घाई कुणी केली होती माहितीये? नानींनी! त्यांच्याच माहेरच्या पेंटरकडून!

वहिनी, मी त्या वेळी नानींकडे बघितलं. त्या पदराने चष्मा पुसत होत्या. चष्मा पुसतच राहिल्या बराच वेळ.

सून एक अक्षर बोलली नाही. कानशीने रंग खरवडला, लोखंड पांढरं केलं, दुसऱ्या दिवशी नवी पट्टी, दोन-अडीचशेची असेल, ती लावली, वर ग्रीस फासलं. पुन्हा मीटर लावला तर शून्यावर पॉइंट एक का दोन. बॅटरी, सेल्फ, स्विच, केबली, सगळा हिशेब तिने त्याच कालनिर्णयाच्या मागच्या पानावर मांडून ठेवलाय. टांगताना ते पान बाहेरच्या बाजूला आलं. चुकून आलं असेल, मी काही म्हणत नाही...

आणि काल भजनाला नानी काय सांगत होत्या ऐकलंत? "मी पहिल्यापासून म्हणत होते, अर्थिंग बघा, अर्थिंग बघा." अहो, टाळ थांबले दोन बायकांचे! मी गप्प बसले. म्हटलं बोलू दे. संध्याकाळी बघते तर स्वतः सुनेला चहा करून देत होत्या, आलं घालून. म्हणाल्या, "तुझ्या मामेसासऱ्यांच्या टेम्पोचं पण बघ गं जरा." त्यांच्या माहेरचा टेम्पो तो. रंग त्याच पेंटरचा.

बरं ते राहू दे, तुमच्या ह्यांची स्कूटर सकाळी सुरू होताना फार वेळ घेते हल्ली, सगळ्या गल्लीला ऐकू येतं. आवाज कसा येतो नेमका? टक् येतो की काहीच नाही? नीट ऐकून ठेवा, ती सहाच्या बसने येते.