कपाटात न बसणारी शाळा

आमचं घर 420 चौरस फुटांचं, कार्पेट. जुन्या दंडविधानातल्या एका लोकप्रिय कलमाशी हा आकडा जुळतो. त्यामुळेच की काय, "मुलगी शाळेत जात नाही, घरीच शिकते," असं सांगितलं की डोंबिवलीतली सज्जन माणसं आवाज खाली आणून विचारतात, "पण हे कायद्यात बसतं का?"

माझं उत्तर पाठ आहे. शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. 6 ते 14 वयाच्या मुलांना शिक्षण मोफत आणि सक्तीचं. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असंही त्यात लिहिलंय. घरी शिकवण्याचं मात्र त्यात नावच नाही. शिवाय 1989 पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे आणि चौदा वर्षं पुरी झाली की तिथून दहावीला बसता येतं. एवढं होईपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असतो आणि मला विचारायला हवा तो प्रश्न राहूनच जातो. तो असा, की हे सगळं कपाटात बसतं का? नाही बसत.

मुळात हे सांगायला मला फार आवडतं. घरी शिकवणाऱ्या आईला पगार नसतो, मस्टर नसतं, दिवाळीचा बोनस नसतो. व्याख्यान द्यायची संधी हाच काय तो भत्ता. एका मुंजीत तर मी न्यायमूर्ती रानड्यांपर्यंत पोचले होते. हे काही अमेरिकेहून आलेलं फॅड नव्हे, 1873 साली लग्न होऊन आलेल्या अकरा वर्षांच्या रमाबाईंना रानड्यांनी घरातच शिकवलं, घरच्या बायकांची नाराजी सोसून शिकवलं, आणि त्याच रमाबाईंनी 1910 मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक काढलं, वगैरे. मठ्ठा वाढणाऱ्या एक चुलतसासूबाई ओगराळं हातात धरून थांबल्या. "रानड्यांकडे माजघर असेल गं, ओसरी असेल. तुमची तर गॅलरीसुद्धा बॉक्स ग्रिलची."

त्यानंतर मी इतिहासातून जरा मागे आले आणि सामान लावायला घेतलं.

परदेशी आयांच्या फोटोंत घरातल्या शाळेला वेगळी खोली असते. खिडकीपाशी पांढरं टेबल, भिंतीवर नकाशा, वेताच्या टोपल्या आणि एकही वाळत घातलेला टॉवेल नाही. आमच्याकडे एकच हॉल सकाळी नवऱ्याची आठ-दहाची लोकल गाठायची धावपळ बघतो, दहापासून शाळा होतो, दुपारी आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, झोपायची खोली होतो, संध्याकाळी टीव्हीचा होतो आणि रात्री सोफा उघडला की आमचा. त्यामुळे शाळा आठवडी बाजारासारखी मांडायची आणि उचलायची. फरक इतकाच, की बाजाराला टेम्पो असतो.

सगळ्यात दिमाखाची वस्तू म्हणजे माँटेसरीबाईंचा गुलाबी मनोरा. खरं तर तो तीन ते सहा वर्षांच्या पोरांसाठी, आणि आमची सई नऊ वर्षांची. तरी तो दर्शनी भागात आहे, कारण आलेल्या पाहुण्यांना 'इथे काहीतरी शास्त्रशुद्ध चाललंय' एवढं कळायला तो पुरतो. दहा घन ठोकळे, सगळ्यात धाकटा 1 सेंटिमीटरचा, थोरला 10 चा. एकावर एक रचले की उंची 55 सेंटिमीटर. टीव्ही युनिटचा कप्पा 50 चा. वरचे तीन ठोकळे उतरवले की मनोरा 49 वर येतो आणि आत जातो. उतरवलेले तीन आईंनी देवघरात नेले. 3 सेंटिमीटरचा बाळकृष्णाला चौरंग म्हणून अगदी बेताचा झाला. माँटेसरीबाई 1939 मध्ये भारतात आल्या, महायुद्धामुळे 1946 पर्यंत इथेच राहिल्या, पण हा उपयोग त्यांच्याही लक्षात आला नव्हता.

पुस्तकांचं वेगळंच. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून 2023 मध्ये पाठ्यपुस्तकांचे चार-चार भाग झाले आणि मध्ये वहीची कोरी पानं आली. 2025 मध्ये ती पद्धत बंद झाली. माझ्याकडे दोन्ही प्रकारची पुस्तकं आहेत. आमच्या घरात दप्तरच नाही, त्यामुळे ते सगळं ओझं माळ्यावर गेलं.

आता डबे. श्रीखंडाचे. मला कळतंय की विषय शिक्षणाचा आहे, पण मराठी घरातल्या सामानावर लिहायचं आणि डबे टाळायचे, हे माझ्याच्यानं होणार नाही. या कामासाठी बाजारात पारदर्शक पेट्या मिळतात, पण आमच्याकडे श्रीखंडाच्या डब्यांची जी पुंजी आहे ती असताना पेटी विकत आणणं म्हणजे आईंचा उघड अपमान. पाव किलोच्या डब्यात रबर आणि शार्पनर, अर्ध्या किलोच्या डब्यात फासे आणि नाणी, किलोच्या डब्यात भिंग, लोहचुंबक, होकायंत्र. प्रत्येकावर मी सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली. माझं अक्षर चांगलं आहे. हे कुणी म्हणत नाही म्हणून मीच म्हणते.

पण डब्याला चिठ्ठी चिकटवली म्हणजे त्याचा स्वभाव बदलतो, ही माझी समजूत. डबा हा मुळात फिरता प्राणी. आईंच्या लेखी डब्यांच्या दोन जाती: आपले आणि आलेले. आलेला डबा परत करायचा, आणि रिकामा करायचा नाही. आपला डबा गेला तर तो परत येईपर्यंत त्याची आठवण काढत राहायची. झाकणांचं कुळ निराळं. मूळ झाकण डब्याबरोबर जन्मभर राहिलं, असं उदाहरण आमच्या घरात नाही. बरीच झाकणं दुसरेपणावर दिलेली आहेत आणि दाबून बसवली की नांदतात. या व्यवहारात माझ्या चिठ्ठ्या कुणी वाचत नाही. 'अपूर्णांक' अशी चिठ्ठी असलेला डबा संक्रांतीला चार गुळपोळ्या घेऊन समोरच्या वहिनींकडे गेला. त्यांनी अर्ध्या तासाने फोन केला, "अजून काही यायच्यात का?"

कळस झाला तो 'हजार' या डब्याचा. दशमान पद्धत शिकवायला सोनेरी मणी मिळतात: सुटा मणी, दहाची काडी, शंभराचा चौकोन, हजाराचा घन. त्यांची किंमत बघून मी हरभरे घेतले. सईने दहा-दहाचे ढीग करत, चुकत, पुन्हा मोजत ते एक हजार भरले. हजार म्हणजे किती, हे तिला हाताला कळलं. मी त्या डब्याचा फोटोही काढला. बुधवारी रात्री आईंनी ते भिजत घातले.

गुरुवारी उसळ फार चांगली झाली होती. सई ताटाकडे बघत होती. "आजी, तू माझी शतकं खाल्लीस." तरी सगळी आजीने खाल्ली नव्हती, दीड-दोन शतकं नवऱ्याच्या डब्यातून ठाण्याला रवाना झाली होती. मी माझ्या मते फारच संयमाने म्हणाले, "आई, ते शिकवायचं साहित्य होतं." आईंनी वाटीत आणखी डाव घातला. "मोजून झाले होते ना तिचे? कळलं ना तिला? मग ठेवायचे कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला उत्तर नसलं की मी पुस्तक उघडते. उघडलं ते नेमकं ताराबाई मोडकांवरचं. ताराबाई 1945 मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. आदिवासी पाड्यांवर माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणणार? म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. शिकून झालं की खडे जिथले तिथे. आवरायचं असं काही उरतच नाही. ताराबाई कपाट घेऊन गेल्याच नव्हत्या. एवढं वाचून माझ्या मनात आलं, खडे ठेवायला कोणता डबा बरा?

त्याच आठवड्यात सई घरात सापडेना. 420 चौरस फुटांत माणूस हरवणं सोपं नाही. दिवाणाच्या पोटात बघायला नको होतं, तिथे विज्ञान आहे. शेवटी ती दाराबाहेर जिन्याच्या वळणावर सापडली, चपलांच्या कपाटाशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन. हातात काही नाही.

"काय करतेयस?"

"काही नाही. शाळा सुटलीय."

"कुणाची?"

"माझी. तुझी शाळा सुटली की तू घरी यायचीस ना? मग मी कुठे जाऊ?"

मी आत येऊन घराकडे बघितलं. फ्रिजवर 'उष्णता' होती. खिडकीवर मुख्य दिशा होत्या. आरशावर पृथ्वीचं परिवलन. आईंच्या औषधांच्या डब्यावरसुद्धा मी 'सम आणि विषम' लिहून ठेवलं होतं. हातपाय धुवायला गेलं तरी बेसिनवर जलचक्र. जागा नाही, जागा नाही म्हणून मी रडत होते आणि पोरीला घरात निवांत कंटाळायला टाइल्सचा एक चौकोनही मोकळा ठेवला नव्हता. आम्ही शाळेला इतकी नावं ठेवली: गर्दी, मारझोड, घोकंपट्टी. ठेवली ती खरीच आहेत, आजही ठेवीन. पण शाळा सुटते. सुटली की मूल धावत बाहेर पडतं, आणि ते धावणं त्याचं त्याचं असतं. या एका गोष्टीची व्यवस्था मी कुठल्याच डब्यात केली नव्हती.

तोडगा आईंनी काढला. साडेबाराला त्यांना हॉल हवाच असतो. त्या स्वयंपाकघरातून पितळी परात आणि लाटणं घेऊन येतात आणि बडवतात. खालच्या मजल्यावरचेही आता त्यावर कुकर लावतात. परात वाजली की सगळं दिवाणात जातं, दिवाणावर आई जातात, आणि विषय मिटतो. भिंतींवरच्या चिठ्ठ्या सईने स्वतः काढल्या, फक्त औषधांच्या डब्यावरची ठेवली. सम गोळ्या सकाळी आणि विषम रात्री हे आईंना सोयीचं पडलंय. परातीनंतर मी शिकवायचं नाही, असा करार आहे. मी पाळते. परवा डाळ निवडताना सहज म्हणून गेले, "यातली द्विदल कुठली गं?" तर सई म्हणाली, "हा प्रश्न उद्या दहा वाजता विचार."

या शिस्तीची कीर्ती समोरच्या वहिनींपर्यंत गेली. त्यांचा मुलगा चांगल्या नावाच्या शाळेत जातो. त्याच्या प्रवेशासाठी त्याचे बाबा पहाटेपासून गेटवर उभे होते, हे मजल्यावर सगळ्यांना पाठ आहे. वहिनी परवा अपूर्णांकांचा डबा परत द्यायला आल्या, आत आळूवड्या. दारातच उभं राहून, अर्धं थट्टेत आणि अर्धं मनापासून, म्हणाल्या, "आमच्या कार्ट्यालाही घेता का तुमच्या शाळेत?"

मी पदर नसताना पदर सावरला. "यंदाचे प्रवेश पूर्ण झालेत हो, वहिनी," मी म्हणाले, आणि खरं सांगते, ते वाक्य इतकं सुंदर जमलं की आणखी एकदा म्हणावंसं वाटलं. तेवढ्यात आतून, दिवाणावरून, आईंचा आवाज आला.

"अगं, डोनेशन किती देतायत ते तरी विचार!"